स्पीकरवरचा तळवा

डिस्क प्लेअर आणि स्पीकरचा रिसीव्हर जोडून द्यायला एक मेकॅनिक चऱ्होलीहून आमच्याकडे आला, तो एकदाच. प्लेअरमध्ये वडिलांच्या चित्रीकरणाची डिस्क होती. चित्र दिसत होतं, आवाज येत नव्हता. वडील आता नाहीत. डिस्कमधूनच आवाज गेला असेल तर, या धास्तीने मला एका जागी बसवत नव्हतं. तो मात्र वायर बदलायचा आणि स्पीकरवर तळवा ठेवून थांबायचा.

"अहो, कानांनी ऐका की!" मी ओरडलो.

माझ्या ओठांकडे बघत तो म्हणाला, "चाकणला कंपनीत पत्रे ठोकायच्या प्रेसवर होतो, दादा. कान तिथंच गेले. हाताला थरथर कळती. आवाज तुमी सांगायचा."

त्याने आणखी एक वायर खोचली. हात अजून वायरीवरच होता.

"जेवलास का रे?" स्पीकरमधून वडील म्हणाले.

माझे डोळे भरले. ते बघून त्याचा चेहरा उतरला.

"न्हाई आला व्हय, दादा?"