चार वाजताची किंचाळी

इमारतीच्या समितीच्या दप्तरातलं वर्णन असं आहे: "सदर महिला, वय साठीच्या आसपास, बांधा किरकोळ, राहणार तिसरा मजला, जिन्यालगत. व्यवसाय: किंचाळणे. उपद्रवाचे स्वरूप: किंचाळी, नग एक. वेळ: रोज दुपारी चार. परिणाम: रहिवाशांच्या हातांतील कप खाली ठेवले जातात. शेरा: महिला अन्यथा शांत."

समितीचे अध्यक्ष म्हणजे उभी हयात सरकारी टेबलामागे काढलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर हात चालू राहावा म्हणून ते असली टिपणं लिहीत. सदर महिलेला, म्हणजे आमच्या काकूंनाही, घसा चालू राहावा म्हणून किंचाळावं लागे, तेव्हा दोघांचं दुखणं तसं एकच होतं. तक्रार वर्षानुवर्षं विचाराधीन राहिली, आणि चार वाजले की अध्यक्षही आपला कप खाली ठेवत राहिले.

काकूंच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. स्वस्तातले भयपट काढणारी मंडळी असतात. त्यांच्या सिनेमात एक बंगला असतो, चार-पाच तरुण पोरं असतात आणि एक भूत. नायिका दिसायला बरी असते, पण किंचाळ म्हटलं की झुरळ दिसल्यासारखी ओरडते. म्हणून किंचाळी मागाहून भरतात. पडद्यावर उघडतं ते तोंड नायिकेचं, आतला घसा काकूंचा. अशा कित्येक मुली काकूंच्या आवाजात मेल्या. एकीनंही कधी ओळख दाखवली नाही.

सरावाची जागा ठरलेली होती: आतल्या खोलीतलं कपाट. काका लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. निवृत्त झाले तरी कामावरचे जाड कोट त्यांना टाकवले नाहीत. काकू कपाट उघडत, त्या कोटांत तोंड खुपसत आणि आधी बाहेर हाक देत, "करते हं!" बाहेर खिडकीपाशी खुर्चीत बसलेले काका म्हणत, "होऊ दे!" काकांचं हृदय नाजूक, म्हणून ही पद्धत. मग किंचाळी. बराचसा आवाज कोट पिऊन टाकत आणि उरलेला जिन्यानं खाली येई. तळमजल्यावर शिंपीमामांचं दुकान. नवीन असताना एकदा ऐन कापताना त्यांचा हात हलला आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं जाकीट झालं. तेव्हापासून चारच्या सुमाराला ते कात्री खाली ठेवून बसत. बाकीचे आम्ही कप ठेवत असू. किंचाळी आली की कप उचलायचा. वेळ कळायची आणि चहाही बेताचा गरम लागायचा.

काका हेच काकूंचे परीक्षक. त्यांनी आयुष्यभर मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखला होता आणि किंचाळीलाही ते तीच मापं लावत.

"वर जाताना ठीक आहे गं. थांबताना धक्का बसतो."

"अहो, मी काय मजले चढतेय?"

"मग तेल घाल घशात. करकरतेय."

बरी वाटली तर ते नुसते "हं" म्हणत. तेवढ्यावर काकू खूश असत.

एकदा दोघं आपलाच सिनेमा बघायला दुपारच्या खेळाला गेली. त्या सिनेमाच्या दिग्दर्शकांना सगळे धूरसाहेब म्हणत. बंगल्याच्या भिंती रंगवलेल्या कापडाच्या, त्या हलताना दिसू नयेत म्हणून ते प्रत्येक प्रसंगात धूर सोडत. भुताचा मुखवटा भाड्याचा आणि संध्याकाळच्या आत परत द्यायचा, म्हणून भूत भर उन्हात हिंडे. शिवाय भूत येण्याच्या बरंच आधी संगीत सुरू होई, म्हणजे एखाद्या पाहुण्यांची गाडी येणार असल्याचं सांगून ठेवावं तसं. भूत येई तेव्हा सगळे सावरून बसलेले असत. एक पोरगी जिना चढली, मेली. दुसरी चढली, तीही मेली. काका घड्याळ बघायला लागले.

"हिच्या घरी कोणी वाट बघतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणास ठाऊक. दाखवलं नाही."

"मग जाऊ दे की मेली तर."

आणि तेवढ्यात काकूंची किंचाळी आली. पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोकडे झुकून म्हणाला, "आल्या बघ मावशी!" आसपासचे दहाजण हसले. दर सिनेमात तीच किंचाळी ऐकून ती त्यांना घरच्यासारखी झाली होती.

घरी येऊन काकूंनी दिवा लावला आणि म्हणाल्या, "मला हसले हो."

"तुला नाही. त्या धुराला हसले."

"मावशी म्हणाले."

काकांनी उठून चहा टाकला.

ते 'मावशी' धूरसाहेबांच्याही कानावर गेलं होतं. ते स्वतःच घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले. "काकू, लोक तुम्हाला ओळखायला लागलेत."

"मग चांगलंच की!"

"भीतीच्या धंद्यात ओळख चालत नाही हो. नवीन सिनेमात एकच मोठी जागा आहे. मुलगी खोलीत येते, बाप खुर्चीत बसलाय, पाठमोरा. ती पुढे जाऊन तोंड बघते आणि किंचाळते. मला ती किंचाळी खरी हवी. आली तर तुमची. नाही आली तर मशीनमध्ये तुमची जुनी आहेच, तीच लावतो. आणि यापुढेही तीच लावत जाईन. मग तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास नको."

म्हणजे काकूंच्या जागी काकूच येणार होत्या, फक्त पगार न घेणाऱ्या. अपमान याहून नीटनेटका असू शकत नाही.

त्यानंतर काकूंनी घसा पणाला लावला. उंच काढली, खोल काढली, मध्येच तुटलेली काढली. दर वेळी बाहेरून तोच निकाल: "खोटी."

एका दुपारी त्या चिडून कपाटातून बाहेर आल्या. "मग खरी कशी असते ते तरी सांगा! एवढी वर्षं लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढलीत ना?"

काकांनी पेपर खाली घेतला. "अडकली की आधी खूप ओरडतात," ते म्हणाले. "दार बडवतात, शिव्या घालतात. तोवर आम्ही सावकाश काम करायचो. चहासुद्धा प्यायचो."

"आणि मग?"

"मग एकदम गप्प होतात. गप्प झाली की आम्ही धावायचो."

"का हो? आत काय दिसायचं?"

"काही नाही. माणूस उभा असायचा. तोंड उघडं." एवढं सांगून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि त्या दिवशी कसलाच निकाल दिला नाही.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चार वाजता आम्ही नेहमीप्रमाणे कप खाली ठेवले. मामांनी कात्री ठेवली. वर काकूंनी कपाट उघडलं, कोटांत तोंड घातलं आणि हाक दिली, "करते हं!"

उत्तर आलं नाही.

त्या तशाच थांबल्या. कोटांना जुन्या वंगणाचा वास येत होता. "अहो, करते हं!" कोटांनी हाकही पिऊन टाकली असेल असं वाटून त्यांनी तोंड बाहेर काढलं आणि पुन्हा म्हणाल्या, "करू ना?"

बाहेरच्या खोलीत ऊन होतं. पंखा फिरत होता. काका नेहमीच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते, पाठमोरे. पेपर जमिनीवर पडला होता आणि त्याचं वरचं पान वाऱ्यानं उचलत होतं, पुन्हा बसत होतं. काकू त्या खुर्चीला वळसा घालून पुढे गेल्या. काकांचा अर्धा चेहरा काकांचा होता. उरलेला अर्धा कोणीतरी स्क्रू ढिले करून सोडून दिल्यासारखा खाली आला होता. डोळे मात्र जागे होते. ते काकूंना बघत होते आणि काहीतरी सांगू पाहत होते.

काकूंनी तोंड उघडलं.

खाली आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की चार वाजून गेले आणि काही आलं नाही. सुरुवातीला मजा वाटली. मग कोणी हसेना. कप टेबलावर, हात मांडीवर, सगळ्या इमारतीत एकही चमचा वाजत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ या वेळी दचकून रडायचं, तेही डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतं. चहावर साय धरली. अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले आणि जिन्याकडे बघत, कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "आज काय झालं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट लिहून न देता विचारली.

मामा उठले आणि जिना चढले. आपण का चढतोय हे त्यांना सांगता आलं नसतं. दार लोटलेलंच होतं. त्यांनी ते ढकललं.

"बाई ओरडत होत्या," ते नंतर सांगत. "मान ताठ, शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड एवढं वासलेलं. आणि आवाज नाही. पंख्याचा आवाज येतोय, बाईंचा नाही. मला आधी वाटलं, मीच बहिरा झालो."

मामांनीच काकांना पाठीवर घेऊन खाली आणलं. लिफ्ट बंद होती. काका निवृत्त झाल्यापासून ती दुरुस्त करायला कोणी आलं नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. काका वाचले. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं नाही, दोन शब्द उरले. पाणी हवं का विचारलं की ते म्हणत, "होऊ दे." दुखतंय का? "होऊ दे." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सवयीचं तेवढं मागे राहतं.

रेकॉर्डिंग धूरसाहेबांनी आठवडाभर पुढे ढकललं. माणूस वाईट नव्हता, फक्त सिनेमे वाईट काढत असे. काका अजून हॉस्पिटलातच होते, तरी काकू गेल्या. "जागा हातची घालवून घरी काय करू?" असं त्या मामांना म्हणाल्या.

सकाळची वेळ. स्टुडिओची छोटी खोली, भिंतींना भोकाभोकांचं पुठ्ठ्यासारखं काहीतरी लावलेलं, वर पांढरी ट्यूब आणि जुना पंखा. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला आणि धूरसाहेब. समोरच्या पडद्यावर ती मुलगी खोलीत आली. बाप खुर्चीत, पाठमोरा. काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "करते हं!"

खोलीनं उत्तर दिलं नाही. अशा खोल्या उत्तर द्यायचं नाही यासाठीच बांधलेल्या असतात.

मग काकूंचं तोंड उघडलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्यानं आधी बटण तपासलं, मग वायर. मग कानावरचे हेडफोन काढून तो काचेतून नीट बघायला लागला. तो सांगतो की काकू त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे दार होतं, बंद. धूरसाहेबांनीही पाहिलं. ती खोली उजेडानं भरलेली होती, त्यात धूर नव्हता, संगीत नव्हतं, मुखवटा नव्हता. दोन मोठी माणसं एकमेकांचे दंड धरून उभी होती.

"काकू, बास," धूरसाहेब माइकमध्ये म्हणाले. त्यांचाच आवाज चिरकला. "बास हो. काकू!"

काकूंनी तोंड मिटलं आणि विचारलं, "आली का?"

त्यांनी मशीन लावून ऐकलं. पंख्याची घरघर होती. तेवढंच.

"काही नाही आलं," धूरसाहेब कपाळ पुसत म्हणाले.

"साहेब, असंच ठेवू या?" रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "नुसतं तोंड उघडं. आवाजच नाही."

"अरे, लोक म्हणतील थिएटरचा स्पीकर गेला. आरडाओरडा करून दार तोडतील." त्यांनी काचेतून काकूंकडे पाहिलं. काकू पर्स आवरत होत्या. "शिवाय असं काही पडद्यावर दाखवलं तर ते मला पण बघावं लागेल. जुनी लाव. वरून संगीत टाक. आणि धूर वाढव."

तेव्हापासून जुनीच लागते. नवीन सिनेमा आम्ही इमारतीतले सगळे मिळून बघायला गेलो. मुलगी बापाच्या खुर्चीकडे निघाली तसं संगीत आधीच सुरू झालं, धूर आला, आणि काकूंचा तो ओळखीचा, तेल घातलेला, थांबताना थोडा धक्का देणारा आवाज सभागृहभर घुमला. पुढून कोणीतरी म्हणालं, "मावशी!" लोक हसले. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. मामा तर बाहेर जाऊन उभे राहिले.

काका आता घरी आहेत. अंगानं निम्मे झाले, म्हणून काकूंनी त्यांचा एक कोट बारीक करायला मामांकडे दिला. तो बरेच दिवस दुकानात पडून होता. मामांनी तो बाकीच्या कपड्यांपासून दूर, भिंतीकडे तोंड करून टांगला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "काही नाही. अस्तर जड आहे." शेवटी न शिवताच परत दिला.

दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावर कपाटाचं दार उघडल्याचा आवाज येतो. मग काकूंचा, "करते हं!" मग काकांचा, जरा घोगरा, "होऊ दे!" त्यानंतर काही येत नाही. थोड्या वेळानं कपाट बंद होतं.

समितीच्या दप्तरात अध्यक्षांनी नोंद केली आहे: "सदर उपद्रव पूर्णतः बंद झाला असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

कप अजून खाली ठेवले जातात.