सातवा विद्यार्थी

अमेरिका नावाच्या देशाला विनातिकीट पकडणारा टीसी या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. नोकरीची चाळीस वर्षं त्यानं नागपूर-बिलासपूरच्या मधे गाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात काढली. मग रिटायर झाला. आता हा माणूस जरा निवांत बसेल, चार भाज्या निवडून देईल, अशी मामीची गोड समजूत होत होती, तेवढ्यात तो साठाव्या वर्षी अमेरिकन स्टडीजच्या बी.ए.ला जाऊन बसला.

खरं म्हणजे दोष माझा. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि राजधानी झाल्याच्या उत्साहात रायपुरात रोज कशाची ना कशाची फीत कापली जायची. त्यात एक खाजगी कॉलेज उघडलं. त्याच्या माहितीपत्रकात हा कोर्स होता: इतिहास, साहित्य, राजकारण, भूगोल, संगीत, सगळं एकाच डिग्रीत कालवलेलं, आणि सगळं अमेरिकेचं. मी नुकतीच बारावी झाले होते. वाचलं आणि डोक्यात बसलं. बाबांचं म्हणणं बी.कॉम. कर. अमेरिका शिकायची तर माणूस अमेरिकेत जाऊन शिकतो, रायपुरात कशाला, असा त्यांचा बिनतोड प्रश्न. दोन दिवस मी जेवले नाही तेव्हा कुठे ते हो म्हणाले. आणि कॉलेजात गेले तर तिथला बाबू म्हणतो, कोर्स सुरू करायला किमान सात विद्यार्थी लागतात, तुला धरून सहाच आलेत, आणि आज शेवटचा दिवस.

रडत रडत मी तात्यापारा मोहल्ल्यात मामाकडे गेले. मामा पोहे खात होता. किती जण कमी पडून राहिले, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, एक. त्यानं शांतपणे पोहे संपवले, हात धुतले आणि खुंटीवरचा टीसीचा काळा कोट अंगात घातला.

"चाल," तो म्हणाला. "एक सीट तं आपण कुठंही भरून देतो."

काळा कोट पाहून बाबूला वाटलं, कोणी वकील नोटीस घेऊन आला. तो उभाच राहिला. मामानं प्लास्टिकच्या पिशवीतून स्वतःच्या जुन्या मार्कशीटा काढल्या. तरुणपणी तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझे आजोबा वारले, त्यांच्या जागी तो रेल्वेत लागला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्या मार्कशीटा त्यानं इतकी वर्षं कशाला जपल्या असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझ्या ॲडमिशनची पडली होती.

ठरलं असं होतं की मामानं नाव तेवढं लावायचं आणि हजेरीपुरतं अधूनमधून यायचं. पण गाडी सुटायच्या आधी फलाटावर हजर राहायची चाळीस वर्षांची सवय. तो रोज पंधरा मिनिटं आधी कॉलेजात, तोही कोट घालून. पहिल्या दिवशी बाकीची पाचही पोरं त्याला सर समजून उभी राहिली, आणि मामानंही सवयीनं त्यांना हातानं बसा-बसा केलं.

आम्हाला शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, भिलाईच्या. बिचाऱ्या आधीच नव्या. त्यांनी पहिल्याच तासाला हिंदीतून सांगितलं की असं मानलं जातं, अमेरिका हा स्वप्नांचा देश आहे. मामाचा हात वर. "मॅडम, ये बात कहाँ से चढ़ी?" मॅडमना कळेना. मामानं समजावलं, की कोण मानतं, कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर? प्रत्येक वाक्य कुठून तरी बसलेलं असतं, आणि त्याच्याजवळ त्याचा कागद पाहिजे. नसेल तर ते वाक्य विदाउट. पहिला महिना मॅडम त्याला पाहिलं की घाबरायच्या. दुसऱ्या महिन्यापासून त्या पुस्तकांत पानांच्या खुणेच्या चिठ्ठ्या घालून यायला लागल्या, आणि मग तर आमच्या निबंधांची तपासणीच त्याच्याकडे आली. लाल पेन्सिल घेऊन तो बाकांमधून फिरायचा. दुर्गच्या एका पोरानं इंटरनेटवरून अख्खं पान उचललं होतं. मामानं दोन ओळी वाचल्या, पोराकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमानं विचारलं, "बेटा, ये पैराग्राफ किसके नाम पे सफर कर रहा है?" पोरानं तिथल्या तिथे कबुली दिली.

एका गोष्टीकडे सगळ्या विषयांच्या बाजूंनी पाहायचं, ही या डिग्रीची पद्धत मामाला फारच भावली. त्याचं म्हणणं, आपण नोकरीत दुसरं काय केलं? एका बर्थवर दोन माणसं भांडत असली की आधी इतिहास ऐकावा लागतो, मग भूगोल, मग कायदा, आणि साहित्य तर दोघंही भरपूर सांगतात. ही पद्धत त्यानं घरी आणली तेव्हा मात्र पंचाईत झाली. भाजी खारट झाली की तो मिठाच्या इतिहासापासून सुरू करायचा आणि घरात चव ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो इथवर यायचा. मामी ताट उचलून म्हणायची, खायचं असन तं खा.

आणि लोक! रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंतच्या समस्त मराठी मंडळींनी ठरवून टाकलं, की हा अमेरिकेला जाण्याचा कोर्स आहे. कोणी विचारायला येई, सुनेच्या बाळंतपणाला चाललो, लोणचं नेऊ देतात का. कोणी व्हिसाचा फॉर्मच घेऊन बसे. मामा सगळ्यांना चहा पाजायचा आणि सांगायचा, अमेरिकेत कसं जायचं ते मले माहीत नाही, अमेरिका काहून अशी झाली ते विचारा. आणि मग न विचारताच सांगायला लागायचा. लोणच्यासाठी आलेल्या एक काकू दोन तास कापसाच्या मळ्यांतल्या गुलामांवर ऐकून गेल्या. मामा एकदम हळवा झाला होता, त्यामुळे त्यांना मधे उठता येईना.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक मोठा निबंध लिहायचा होता. मामानं अर्थातच रेल्वे घेतली, त्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाकलेली. लाईन जोडली त्या दिवशी मोठा सोहळा झाला, फोटो निघाले, आणि ज्या चिनी मजुरांनी डोंगर फोडले ते त्या प्रसिद्ध फोटोत दिसतच नाहीत, हे वाचलं तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. मला म्हणाला, आपल्या रुळावरच्या गँगमनचा फोटो तरी कोण काढते? तो निबंध मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. मामा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि वाचन संपेपर्यंत आलाच नाही. वर्गात पहिला नंबर त्याचा आला, माझा तिसरा.

त्याच उन्हाळ्यात मला नोकरी लागली. नव्या राज्यात खाती नवी, बाबूंच्या जागा नव्या, बाबांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला होता आणि माझं नाव आलं. सरकारी नोकरी सोडायचं नाव आमच्या घरात काढणंसुद्धा पाप. मी मामाला विचारायला गेले. मनातून वाटत होतं, त्यानं जाऊ नको म्हणावं. त्यानं पत्र वाचलं, नेमणुकीची तारीख दोनदा पाहिली आणि म्हणाला, "लागली न? मंग जाय. विचार कायचा करून राहिली?" मोहल्ल्यात पेढे त्यानंच वाटले. पुढे त्याचं कॉलेजला जाणं बंद झाल्याचं कळलं, तेव्हा मी धरून चालले की कंटाळला असेल, वय झालं. ऑफिस, मग लग्न, मग लेकरं. मीही फार चौकशी केली नाही.

बरीच वर्षं गेली. बढतीसाठी पदवी हवी म्हणून मी बाहेरून परीक्षा देऊन साधंसुधं बी.ए. पूर्ण केलं आणि पेढे घेऊन मामाकडे गेले. मामीनं स्वयंपाकघरात देवापुढे पेढा ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, तुह्या मामाचंही झालं असतं. तेव्हा मला कळलं, की सात विद्यार्थ्यांची अट फक्त सुरुवातीला नव्हती, दरवर्षी होती. मी गेले आणि सहा उरले. तिसरं वर्ष निघालंच नाही. बाकीच्यांना साध्या बी.ए.त बसवलं. मॅडम दोनदा घरी येऊन विनवून गेल्या, पण मामा म्हणाला, मले हेच शिकायचं होतं. दुसऱ्यांदा तो दुसऱ्या वर्षावर थांबला, आणि या वेळी माझ्यामुळे.

मी बाहेर आले. मामा खुर्चीत पेपर वाचत होता.

"मामा, मी गेली तं कोर्स बंद होईन, हे तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं असतं तं तू थांबली असती," तो म्हणाला, आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.

मी पेढा दिला. मी खरंच थांबले असते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याला मात्र खात्री होती.