राहता पत्ता

इंझोरीच्या जगदेवभाऊंना कुणी विचारलं असतं, की तुमचं दिवसभराचं काम काय, तर त्यांना सांगता आलं नसतं. काम मात्र रोज होतं. सकाळी साडेआठला घराला कुलूप, नऊच्या एसटीनं मानोरा, आणि दिवेलागणीला परत. रंगूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून हा नेम एक दिवस चुकला नव्हता. चार एकर रान बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. मानोऱ्यात त्यांचं ना कुणी सगं, ना सोयरं. बँकेत पंखा असतो म्हणून बँकेत बसायचं, तिथून उठवलं की तहसीलच्या व्हरांड्यात. कुणाचा अर्ज भरून दे, कुणाला खिडकी दाखव. दुपारी खानावळीत जेवण. लोकांना वाटे, माणूस मोठा उद्योगी. खरं एवढंच होतं, की रिकामं घर त्यांना खायला उठत होतं.

त्यांची एकुलती एक लेक ज्योत्स्ना मस्कतला. जावई विकास तिथं एका कंपनीत. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि माहेर म्हणजे आता एकटे जगदेवभाऊ. शेवटच्या दुखण्यात रंगूबाईंनी नवऱ्याकडून एकच शब्द घेतला होता, "पोरीच्या बायतपनात तिले एकटं पाडू नका." लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं लेकीकडे जायचं, त्यात काय एवढं? तारीख डिसेंबरच्या अखेरची होती. ऑगस्टमध्ये भाऊ वाशीमला जाऊन पासपोर्टसाठी बोटांचे ठसे देऊन आले, फोटो काढून आले, आणि काम फत्ते झालं म्हणून निर्धास्त राहिले.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. ज्योत्स्ना रोज विचारी, "बाबा, आला का?" दिवाळी उलटली तसा भाऊंचा धीर सुटला आणि त्यांनी पोलीस ठाणं गाठलं. हवालदार गोविंदसिंग भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं, "काका, रिपोर्ट उलटा गेला तुमचा. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा."

"मी राहत नाही? चाळीस वर्सं झाली त्या घरात."

"मी दोन खेपा आलो. दोन्ही डाव कुलूप. फोन केला तर तुमी उचलला नाही."

फोन खरंच आला होता. अनोळखी नंबर उचलायचा नाही, बँकेतले पैसे जातात, असं ज्योत्स्नानंच बजावलं होतं. आणि लेकीचा शब्द भाऊ मोडत नसत.

"समोरच्या बाईले विचारलं," गोविंदसिंग म्हणाला, "तर ते म्हने, तिथं कोनी राहत नाही. आता खुलासा पाठवा. फेरतपासनीचा कागद आला की येतो मी. पन तुमी घरी पाह्यजे."

साऱ्या जन्माची कमाई एखाद्यानं लुबाडावी तसे भाऊ तणतणत गावात आले. समोरची लिलाबाई ओट्यावर सोयाबीन पाखडत होती.

"लिलाबाई, पोलिसाले असं काहून सांगितलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मी काय खोटं बोलली, भाऊ? सकाळी कुलूप लावता, अंधार पडला की येता. दोन वर्सांत त्या घरातून भांड्याचा आवाज नाही आला, फोडनीचा वास नाही आला. रंगूबाई होती तवा घर होतं. आता तुमी तिथं झोपाले येता. याले राहनं म्हनतेत का?"

भाऊंना भांडायचं होतं. पण बाई खरं बोलली होती, आणि ते खरं आता सरकारी कागदावर चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊची एसटी त्यांच्यावाचून गेली. खुलासा धाडून भाऊ घरात बसले. पहिला दिवस भयंकर गेला. घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून त्यांनी तीनदा सेल काढून घातला. दार सताड उघडं, कारण हवालदार कधीही येईल. आणि दारातून दिसत काय होतं, तर शेतावर निघालेली जोडपी. तिसऱ्या दिवशी भूक आवरेना तेव्हा त्यांनी वरण शिजवलं. करपलं, तरी खाल्लं. मग लिलाबाईनंच भाजीची वाटी आणून दिली आणि ओट्यावर उभ्या उभ्या डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगितलं: डिंक तुपात फुलला पाहिजे, खारीक आदल्या दिवशी उन्हात टाका, घाई करू नका. बाळंतिणीला मस्कतात कोण करून घालणार होतं? भाऊ शिकले. पहिला घाणा दगडासारखा झाला, दुसरा जमला.

गोविंदसिंग एकोणिसाव्या दिवशी आला. लिलाबाईनं शेजारी म्हणून साक्षीची सही केली. भाऊ इथंच राहतात, असं तिनं या वेळी न विचारताही सांगितलं. भाऊंनी दिवस मोजले. पंधरवड्यात पासपोर्ट आला तर व्हिसा, तिकीट, सगळं बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं.

बाळ मात्र सोळा दिवस आधी आलं. विकासचा फोन आला तेव्हा भाऊ भाजी फोडणीला टाकत होते. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. भाऊ "बरं, बरं" म्हणाले, गॅस बंद केला, पुन्हा पेटवला. एवढी मोठी गोष्ट, आणि घरात सांगायला माणूस नव्हतं. लिलाबाईकडेही त्या दिवशी कुलूप होतं.

पाचव्या दिवशी पोस्टमननं पासपोर्ट हातात ठेवला. निळा, कोरा, नव्या वहीचा वास असलेला. अजूनही काय बिघडलंय, भाऊंनी मनाशी म्हटलं, सव्वा महिना तर बाळंतिणीचाच असतो. संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा पासपोर्ट त्यांच्या मांडीवरच होता.

"बाबा, एक सांगू?" ज्योत्स्नाचा आवाज थकलेला, पण सुखी होता. "इथं शेजारी एक अम्मा हायेत, केरळच्या. सारं तेच करून राह्यल्या, न्हाऊ घालनं, खानंपिनं. आईसारखंच करतेत. तुमच्या त्या पासपोर्टाच्या मांगं तुमी किती पळता, मले इथं जीवाले घोर लागते. नसन आला तर राहू द्या आता. जूनमंधी आमीच येतो."

भाऊंनी पासपोर्ट उलटा करून मांडीवर ठेवला.

"आला नाही अजून," ते म्हणाले. "तू काळजी नको करू, माय. अम्माले माझा नमस्कार सांग."