डाव्या हाताचं दुकान

जगातले बाकीचे दंतवैद्य दोन हातांनी काम करतात. आमचे डॉक्टर एकाच हातानं करायचे, कारण दुसऱ्या हातावर त्यांनी दुकान थाटलं होतं. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी दातांची डॉक्टर झाले तेव्हा सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात बाबांनी धानाच्या बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बातमी सांगितली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तिथेच तोंड उघडून बाबांना दाढ दाखवली. अशा मुलीला, ओळखदेख नसताना, गडचांदूरच्या आपल्या दवाखान्यात कामाला ठेवणारा माणूस देवासारखा वाटणारच. पण चार हातांचा देवही वस्तू हातात धरतो, बोटांत घालून फिरत नाही.

दातांच्या सामानाच्या दुकानात एक अंगठी मिळते. तिच्यावर खड्याच्या जागी वाटाण्याएवढी वाटी असते. तिच्यात लागेल तेवढी दवा घेऊन बोटात घातली की काम करताना वळून टेबलाकडे बघावं लागत नाही. शहाणी माणसं अशी एक अंगठी वापरतात आणि काम झालं की काढून ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी एक घेतली, आठवडाभर वापरली आणि निकाल दिला, "कंपनीवाल्याईले एकच बोट दिसलं. देवानं पाच देल्ले ना!" मग ते आमच्या गल्लीतल्या कूलर दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. उन्हाळ्यात चाचांकडे आख्खं गाव कूलर घेऊन रांगेत उभं असायचं, आणि त्या रांगेत हा साठीतला गृहस्थ स्वतःचा पंजा घेऊन उभा राहायचा. चाचांनी चांगल्या पोलादी पत्र्यातून एकेक अंगठी घडवून दिली. तर्जनीवर पांढऱ्या दवेची वाटी आली. मधल्या बोटावर स्पंजाची गादी आणि तिच्यात खोचलेल्या दाताच्या नसेतल्या बारीक सुया. अनामिकेवर लवंगतेल, करंगळीवर कापसाचे बोळे. अंगठा काही दिवस मोकळा होता, पण त्याचा तो मोकळेपणा डॉक्टरांना बघवला नाही. त्याच्यावर हत्यार पुसायच्या कापडाची घडी बसली. त्या हातावर रिकामं असं फक्त मनगट राहिलं होतं.

आता दाताचं काम करताना डाव्या हातात छोटा आरसा धरतात आणि त्यानंच रोग्याचा गाल बाजूला ओढतात, हे कोणालाही शिकवलं जातं. आमच्याकडे गाल रोगी स्वतः ओढायचा. "हां, धरा असं, सोडू नका," असं सांगून डॉक्टर त्याचंच बोट त्याच्या गालात अडकवून द्यायचे. सिमेंट कारखान्यातली धडधाकट माणसं अर्धा अर्धा तास स्वतःचा गाल धरून पडलेली मी पाहिली आहेत. मला मात्र डॉक्टर 'डॉक्टरबाई' म्हणायचे, आणि या पदवीला शोभेल असं काम म्हणून खुर्चीवरचा दिवा लावणं आणि विझवणं माझ्याकडे दिलं होतं.

नवीन रोग्यांना त्या अंगठ्या ग्रहांच्या वाटायच्या. माजरीच्या खाणीतला एक जण दाढ काढायची विसरून विचारत बसला, "डॉक्टर, हे मधल्या बोटाची शनीची हाय काय?" डॉक्टरांनी त्याला नसेच्या सुया दाखवल्या. शनी परवडला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटलं.

अंगठ्यांचं वेड दवाखान्यात थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जेवताना डाव्या हाताच्या तर्जनीवर लोणचं, अनामिकेवर मीठ आणि करंगळीवर तिळाची चटणी, असा वेगळा संच घरी होता. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या घरच्या, मला पहिल्यांदा जेवायला बसवताना म्हणाल्या, "घाबरू नका बाई. हे धुतलेल्या हायेत. घरच्या अलग, दवाखान्याच्या अलग." मीठ वाढायला शेजारी बायको बसलेली असताना ते बोटावर कशाला, हे मी विचारलं. काकूंनी भात वाढता वाढता सांगितलं, "मागा लागते ना मंग."

सगळं मर्म तिथेच होतं. आमचे डॉक्टर कोणाला काही मागत नसत. पाणी मागत नसत म्हणून घरात प्रत्येक खोलीत त्यांची एक बाटली होती. कामात काही खाली पडलं तर रोग्याला उघड्या तोंडानं तसाच सोडून स्वतः खुर्चीखाली शिरायचे. मी तिथेच उभी आहे ही गोष्ट त्यांच्या दृष्टीनं भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीच उपयोगाची होती. रस्ता विचारणं हेही मागणंच, म्हणून तेही बंद. एकदा माजरीला एका जुन्या रोग्याच्या मुलीच्या लग्नाला निघाले, मांडव दिसला तिथे शिरले, अक्षता टाकल्या, आहेर दिला, पोटभर जेवले आणि परत आले. ते लग्न दुसऱ्यांचंच होतं. काकूंनी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "लगन लागलं ना कोनाचं तरी? मंग झालं." असं का वागता, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. बहुतेक त्यांनी ते स्वतःलाही विचारलं नसावं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांचा हात सुजायला लागला. प्रत्येक रोग्यानंतर अंगठ्या काढायच्या, तापवून निर्जंतुक करायला टाकायच्या, दुसरा संच चढवायचा, आणि बोटं ताणून ताठ धरून दिवस काढायचा, हे किती वर्षं चालणार? आधी अंगठ्या सहज निघायच्या. मग साबण लागायला लागला. मग दार लावून आतून आवाज यायला लागले. काकूंनी त्यांना ओढत चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे स्पष्ट सांगण्यात आलं की सांध्यांना सूज आहे. अंगठ्या सुटल्या नाहीत तर बोटं वळायची थांबतील, मग दात सोडाच, शर्टाची गुंडीही लागणार नाही. परत आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला त्या निदानाचा सारांश सांगितला, "त्याले हाडं समजते, दात नाई समजत."

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "बाई, तुमी सांगून पाहा ना. हात गेला तं हा माणूस करन काय? याले दुसरं काईच येत नाई. अन् हात गेल्यावर सगळंच मागा लागते, हे याले कोन सांगन?"

मी सांगून पाहिलं नाही. माझ्या मते मी जास्त हुशारीचं काम केलं. सगळं सामान ट्रेमध्ये मांडून मी त्यांच्या उजव्या कोपराशी उभी राहू लागले. न मागताच द्यायचं, म्हणजे त्यांचं व्रतही मोडणार नाही. उपवासाच्या दिवशी पानात मटण वाढलेल्या माणसानं बघावं तसं त्यांनी त्या ट्रेकडे बघितलं. "छान मांडलं," म्हणाले, आणि स्वतःच्या अनामिकेवरचं लवंगतेल घेतलं. चाचांनाही मी जाऊन सांगितलं की आता नवीन अंगठी करू नका. चाचा म्हणाले, "बेटी, नई नहीं बनाता. पुरानी को ढीली कर-कर के थक गया मैं."

अशात एटापल्लीकडच्या एका गावात आमचं दातांचं शिबिर लागलं. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची, वर दोरीनं बांधलेला दिवा, बाहेर मोहाच्या झाडाखाली बसलेली माणसं. उकाडा असा की अंगठ्या नसलेल्यांचीही बोटं फुगावीत. दुपारी एक म्हातारे बाबा खुर्चीत येऊन बसले. दाढेला मोठा खड्डा, पण वाचण्यासारखी. डॉक्टरांनी दाढ स्वच्छ केली, सगळी बोटं भरली, पंजा बाबांच्या छातीसमोर धरला आणि मान वळवून दिवा नीट करायला लागले. ट्रे घेऊन मी बाजूलाच उभी होते, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

बाबांच्या तळहातावर तंबाखू होती. दाढ भरायचं काम अजून सुरू झालेलं नाही, तेवढ्यात एक चिमूट मळून घ्यावी, असा त्यांचा साधा हिशेब. नाकासमोर एक बोट, त्यावर छोटीशी वाटी, वाटीत पांढरं, मऊ काहीतरी. बाबांनी अगदी सवयीनं त्यात नख बुडवलं, तंबाखूवर टेकवलं आणि अंगठ्यानं मळायला घेतलं.

डॉक्टर वळले. "ओ बाबा! हे काय करून राह्यले?"

"तमाखू मळून राह्यलो ना जी."

"अन् हे पांढरं?"

"तुमचा चुना घेतलो थोडासा."

"चुना नाई वो तो! दातात भराची दवा हाय!"

बाबांनी तंबाखूचा वास घेतला आणि शंका मान्य केली. "तरीच भुरभुर लागून राह्यलं. पन मंग बोटावर काऊन ठेवलं? बोटावर तं मानूस चुनाच ठेवते."

व्हरांड्यात हशा पिकला. डॉक्टर तंबाखूचे आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे हाडवैरी. त्यांच्याच बोटाचं चुन्याचं डबडं झालेलं पाहून मी तोंडावर मास्क आहे याबद्दल मनोमन आभार मानले. चिडून ते म्हणाले, "अन् न विचारता घेतलं तुमी!"

"चुन्याले काय विचाराचं? तमाखू-चुना तं भांडलेल्या भावाले बी मागते मानूस. तुमी नाई मागत?"

"नाई. मी कोनाले काईच मागत नाई."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. बाबांनी मात्र त्यांच्याकडे, डॉक्टर रोग्याकडे बघतो तसं, काळजीनं बघितलं.

"मंग तुमच्या बाजूले बसते कोन जी?"

कोणी हसलं नाही. बाबांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टर आपल्या बोटाकडे बघायला लागले. वाटीतली दवा आता उष्टी झाली होती, ती अंगठी बदलायला हवी होती. त्यांनी ती ओढली. निघेना. सॅनिटायझर ओतून पाहिलं, साबण लावला, अनामिकेवरचं सगळं लवंगतेल संपवलं. सांध्याखाली बोट जांभळं व्हायला लागलं. बाकीच्या अंगठ्या मी एकेक करून फिरवत काढल्या, त्यांनी काढू दिल्या. तर्जनीतली तेवढी अडकून राहिली. दाढ स्वच्छ करून झालेली, बाबा तोंड उघडून वाट बघत होते, गाल त्यांनी इमानदारीनं धरला होता. डॉक्टरांचा डावा हात त्यांच्या स्वतःच्याच मांडीवर पडला होता.

ट्रे पुन्हा माझ्या हातात होता. मी तो पुढे केला नाही. का, ते सांगता येणार नाही. त्या वेळी तो पुढे करणं मला लबाडीचं वाटलं.

"बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"हो सर."

"ते... ते द्या ना."

"काय देऊ?"

आणि तेव्हा मला कळलं की या माणसाला काही मागता येत नव्हतं ते नुसत्या हट्टानं नव्हे. इतक्या वर्षांत कुठल्या वस्तूचं नावच त्यांनी तोंडानं घेतलेलं नव्हतं. सगळं जगच बोटांवर होतं. कपाळावरचा घाम खांद्याला पुसून ते शेवटी म्हणाले, "करंगळी."

मी कापूस दिला.

"अनामिका."

लवंगतेल दिलं. मधलं बोट मागितलं, सुई दिली. शेवटी, फार हळू, "तर्जनी." मी पांढरी दवा ताजी घोटून दिली. आरसाही मीच धरला आणि बाबांचा गाल मोकळा केला. चकाकणाऱ्या आरशालाच दिवा समजलेले बाबा उठताना मला म्हणाले, "तुमी चांगला दिवा धरता."

परत आल्यावर चाचांनी पत्रा कापायच्या कात्रीनं अंगठी तोडली. घडवताना लागला नसेल इतका वेळ लागला, कारण बोटाला कात्री लागू नये म्हणून ते कणाकणानं तोडत होते. हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, बाकीची बोटं वाचली, तर्जनी पूर्ण वळणार नाही.

त्यानंतर मागण्याचा जो पूर आला त्याबद्दल काकूंनी मला दोष देणं साहजिक होतं. डॉक्टर मीठ मागायचे, ते ताटात असतानाही. समोर घड्याळ असून वेळ विचारायचे. बसमध्ये अनोळखी माणसाला खिडकी मागायचे, आणि मिळाली की ऊन लागतं म्हणून त्यालाच परत द्यायचे. दवाखान्यात मला दिवसभर बोटांची नावं ऐकावी लागत; रोग्यांना वाटे, डॉक्टरबाईंना अजून शरीर शिकवणं चालू आहे.

या पावसाळ्यात माझी सरकारी ग्रामीण रुग्णालयात निवड झाली, तीही घराजवळ. डॉक्टरांनीच आधी पेढे आणले, आख्ख्या गल्लीत वाटले, चाचांना दोन जास्त दिले. शेवटच्या दिवशी रोगी संपले, मी हत्यारं पुसत होते. ते हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"बाई, एक मागू काय?"

मला वाटलं टॉवेल. "मागा ना सर."

"थांबता काय?"

मी मान वर केली तसे ते लगेच हसले. "नाई, नाई. जा तुमी. तुमचे बाबा वाट पाहून राह्यले असन. असंच, मागून पाह्यलं."

बाहेर चाचांच्या दुकानात कूलरचा पंखा फिरवून बघणं चाललं होतं. त्यांचा ओला डावा हात टेबलावर पडला होता. चार बोटं नीट मिटली होती. तर्जनी तेवढी सरळ होती, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.