मागाच्या खोलीतल्या जास्वंदी

बेळगावची थंडी ज्यांनी वडगावात सकाळी सहाला स्कूटरला किक मारत सोसली नाही, त्यांना मी काय सांगणार? आमच्या गल्लीत धुकं असं उतरायचं की शेजारचे अण्णा दूध आणायला निघायचे आणि फिरून स्वतःच्याच दाराची कडी वाजवून दूध मागायचे. डोळ्यांनी पाहिलं नाही, धुक्यात दिसणार कसं? पण कडी ऐकलीय.

असल्या थंडीच्या गावात आईनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत दोन जास्वंदी वाढवल्या होत्या. लाल जास्वंद तिच्या माहेरची, निपाणीहून फांदी आणून लावलेली. पिवळी नर्सरीतली. लाल फूल ताटाएवढं यायचं. बरं, बशीएवढं. दर हिवाळ्यात ती दोन्ही डबे अंगणातून उचलून मागाच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी ठेवायची. दोन यंत्रमाग दिवसभर धडधडत असायचे, त्यांची ऊब झाडांना पुरायची. पाणी आठवड्यातून एकदा, तेही मातीत बोट खुपसून कोरडी लागली तरच.

काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत निपाणीच्या मावशीचा पाय मोडला आणि आई दोन महिने तिच्याकडं गेली. निघताना तिनं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गॅस, दूधवाला, जेवणखाण यांबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या जास्वंदी संभाळा. लाल माझ्या आईच्या हातची हाय."

आप्पा जन्माचे विणकर. विणकराला हिवाळ्यात एकच धास्ती असते. हवा कोरडी पडली की मागावरचे दोरे तटातटा तुटतात. मग फरशीवर पाणी शिंपडायचं, खोली ओलसर ठेवायची. तेव्हा आठवड्याभरात जास्वंदीची दोन पानं पिवळी पडून गळली, तशी आप्पांनी तिथल्या तिथं रोग ओळखला आणि तांब्याभर पाणी ओतलं. आणखी पाच गळली, तर कळशी. पुढं पुढं तर त्या डब्यांत मासे सोडले असते तर जगले असते. शाळेत शिकवून घरी आल्यावर मी म्हणायची, आई तर आठवड्यातून एकदाच घालते. ते मागाकडं बोट दाखवायचे. दोरा निर्जीव असून वाळला की तुटतो, मग झाड तर जिवंत आहे, त्याला किती लागत असेल? खरं सांगते, येता-जाता मीही पेलाभर घालत होते.

रोज संध्याकाळी आईचा फोन. पहिला प्रश्न झाडांचा. आप्पा म्हणायचे, लई झ्याक. मग त्यांना चेव चढायचा. कळ्या मोजवत नाहीत, लालीनं खिडकी झाकली, माग चालवायला दिवा लावावा लागतो. थापा मारायची देणगी मला कुठून मिळाली, हे आता कळलं असेल.

महिन्याभरात पिवळी गेली. उपटली तर मुळं शिजल्या शेवयांसारखी हातात आली. लाल उभी होती, पण अंगावर पान नाही. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आई येणार त्या सकाळी ते स्कूटर काढून फूलबाजारात गेले, पिशवीभर लाल जास्वंदी घेऊन आले आणि मागाच्या पांढऱ्या दोऱ्यानं एकेक फूल त्या काटक्यांना बांधत बसले. मी फुलं हातात देत होते. एवढी पापी मदत मी कुणालाच केलेली नाही.

दुपारी आई बसमधून उतरून आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट मागाच्या खोलीत. आप्पांनी दोन्ही माग बंद केले होते, त्यामुळं खोली विचित्र गप्प. आईनं झाड खालून वर पाहिलं. एक फूल हळूच उलटं केलं.

"अहो, एवढी बारीक गाठ आख्ख्या वडगावात एकच माणूस मारतो."

आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "पाणी कमी पडू दिलं न्हाय मी."

"ते दिसतंय."

मग ती खाली बसली आणि बुंध्याची साल नखानं खरवडली. आत बोटभर हिरवं होतं. तिनं सगळी ओली माती काढून टाकली, कुजकी मुळं कापली, कोरड्या मातीत झाड पुन्हा बसवलं. बांधलेली फुलं मात्र सोडली नाहीत. ती आपसूक मिटून गळेपर्यंत आप्पा तिथं फिरकले नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या काटक्यांना पालवी आली.

त्यानंतर आई हिवाळ्यात निपाणीला कधी राहिली नाही. सकाळच्या बसनं जायची, दिवेलागणीला परत. मावशी रुसायची. आई सांगायची, घरी जास्वंद आहे गं, ह्यांच्या हाती तांब्या ठेवून चालत नाही.

आता माग भंगारात गेले. आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या थंडीत लाल जास्वंदीचा डबा माझ्यावर सोपवून आई महिनाभर मावशीकडं राहिली. रोज फोन करायची. मावशीच्या गुडघ्याचं सांगायची, निपाणीच्या गारठ्याचं सांगायची, मी जेवले का विचारायची. झाडाचं तिनं एकदाही विचारलं नाही.