चार आठवडे जास्तीचं प्लास्टर

वेल्डरचा हात प्लास्टरबाईने रविवारी दुपारी मोडला. उपासनेहून ती नुकतीच परतली होती, गीतांचं पुस्तक अजून काखेत होतं. समोरच्या खोलीतून वेल्डरच्या बायकोची किंकाळी आली आणि मध्येच तुटली. ते तुटणं बाईच्या ओळखीचं होतं. पुस्तक खुर्चीवर ठेवून तिने आपल्याच दाराचा आडवा दांडका उचलला आणि ती समोर गेली. वेल्डरने डाव्या मुठीत केस धरून बायकोला शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं होतं, आणि उजवा हात पुन्हा वर नेला होता. तो खाली आलाच नाही. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये कट्कन आवाज झाला आणि आता किंचाळायची पाळी त्याची आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला, कारण फुकटचा दवाखाना तेवढा एकच होता. चर्चच्या आवारातल्या तीन खोल्या, डॉक्टर फक्त बुधवारी. बाकीचे दिवस मोडलेलं सगळं प्लास्टरबाईच्या टेबलावर.

"दुसरं कोणी नाही का?" तो दारातूनच म्हणाला.

"नाही. मोडणारीही मीच आणि जोडणारीही मीच. बस."

"तक्रार करीन मी, म्हातारे!"

"जरूर कर. एकसष्ट वर्षांच्या बाईने मला मारलं, असं लिहून दे. लिहिताना हात दुखला तर मी मजकूर सांगते."

तक्रार त्याने केली नाही. तिने मात्र प्लास्टर असं बांधलं की पाहत राहावं: गुळगुळीत, कुठे टोचणारं नाही की कुठे सैल नाही. कामात तिने कधी कुणावर राग काढला नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी ती स्वतः याच टेबलावर आली होती, नवऱ्याने पिरगाळलेला हात दुसऱ्या हाताने सावरत. तेव्हाच्या मेट्रनने तिला नाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही, "पडलीस ना?" असंही विचारलं नाही. हाड ओढून सरळ करताना एवढंच म्हणाली, "ओरड. इथे ओरडायला परवानगी आहे." हात बरा झाल्यावरही ती घरी परत गेली नाही. बादल्या धुतल्या, पट्ट्या गुंडाळल्या, प्लास्टर शिकली, आणि दोन वर्षांनी आपल्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा मागितला. देव तिला आधी मेट्रनच्या बोटांतून कळला, पुस्तकातून मागाहून.

चर्चचे पाळकसाहेब चौतिशीचे, सभ्य, उंच आणि जरा वाकून चालणारे. मंडळीची जुनी रीत होती: कुणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन समेट करायचा, मगच प्रभुभोजनाच्या मेजापाशी यायचं. ते बाईच्या खोलीवर आले.

"बाई, त्याच्याकडे जाऊन माफी मागा. तोवर मला तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर देता येणार नाही."

"माफी कशाची? नेम चुकला असता तर मागितली असती."

"निदान त्याच्यासाठी प्रार्थना तरी करता का?"

"रोज करते. हाड सावकाश जुळू दे म्हणून."

पाळकसाहेबांना हसू आलं. ते त्यांनी गिळलं. पण नियम काही सोडला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बाईसमोरून भाकरीचं ताट तसंच पुढे गेलं.

समोरच्या खोलीत शांतता होती. मशीनची टकटक सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. बायकोच्या गालांवरचे डाग हिरवे, मग पिवळे होत नाहीसे झाले. "हात बांधलेला असला की माणूस चांगला आहे हो, मावशी," ती म्हणायची. बेचाळिसाव्या दिवसाच्या आदल्या दुपारी ती दारात उभी राहिली.

"उद्या काढणार?"

"उद्या सहा आठवडे भरतात."

"कच्चं... असूही शकतं ना?"

एवढं बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी बाईने प्लास्टर कापलं, अंगठा हाडावरून फिरवला. हाड जुळलं होतं, दगडासारखं पक्कं.

"कच्चं आहे," ती म्हणाली. "अजून चार आठवडे."

त्या टेबलावर ती कधी खोटं बोलली नव्हती. बोलली आणि नवं प्लास्टर चढवलं, नेहमीपेक्षा चार थर जास्त, म्हणजे बोटंसुद्धा हलू नयेत. डॉक्टरांनी बुधवारी विचारलं, "वेल्डरचं निघालं?" ती नाही म्हणाली आणि त्यांनी डोळे झाकून सही केली.

दहा आठवड्यांत एक बिऱ्हाड हलत नाही का? सहज हलतं. पण कुणी हलवलं नाही. पाळकसाहेब प्रार्थना करत राहिले, बाई थर चढवत राहिली, बायको शिवत राहिली, आणि तिघांनाही वाटलं की आपण काहीतरी करतोय.

दहाव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी बायको भिंतीला धरत दवाखान्यात आली. डावा डोळा मिटलेला, कानामागची कातडी फाटून लोंबत होती, जबडा एका बाजूला सरकलेला. बाईने तिला झोपवलं आणि जखम धुवायला घेतली. रक्ताबरोबर पांढरे कण बाहेर आले. त्यातला एक तिने बोटांत चोळला. हीच पूड चाळीस वर्षं तिच्या नखांत होती.

"कशाने मारलं?"

"हाताने." शब्द दातांमधून कसाबसा आला.

"कुठल्या?"

बायकोने उरलेला डोळा मिटला. "तुम्ही बांधलेल्या."

बाईने बोळा लोखंडी ताटात ठेवला. जखम तिनेच शिवली, अकरा टाके, आणि एकही वाकडा पडला नाही. शेवटच्या टाक्याला दारात वेल्डर उभा राहिला. प्लास्टरची कड ठिसूळ होऊन फुटली होती आणि तिच्यात केस अडकले होते.

"पडली ती," तो म्हणाला. "आणि हे ओझं सोडवा आता."

"बस."

तिने मोठी कात्री आत सरकवली. धार आणि त्याची कातडी यांच्यात कापसाचा एक पातळ थर होता. हात जरासा तिरपा केला असता तर थेट शीर. तिने तो तिरपा केला नाही. कर्र कर्र करत ती मनगटापर्यंत आली, कवच दोन्हीकडे उघडलं आणि आतून हात निघाला, पांढराफटक, सोललेल्या काठीसारखा.

"ऐक," ती म्हणाली. "हात मोडला त्याची माफी मी मागणार नाही. पण सहा आठवड्यांतच हाड जुळलं होतं. मी खोटं बोलले. त्याची मागते."

समजायला त्याला एक क्षण लागला. मग त्याने तोच हात तिच्या तोंडावर हाणला. तो कागदासारखा लागला. मूठ वळलीच नाही, आणि मनगटातून निघालेल्या कळेने तो स्वतःच गुरासारखा ओरडला. मग डाव्या हाताने त्याने लोखंडी ताट उचलून भिरकावलं. वेल्डर दवाखान्यात शिरल्याचं कळून धावत आलेले पाळकसाहेब तिची माफी ऐकत दारातच थांबले होते. ताट त्यांच्या भुवईवर बसलं आणि रक्त नाकावरून शर्टावर उतरलं.

"आता दुसरी भुवई पुढे करणार का?" बाईने विचारलं.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्या उंचीनिशी आत येऊन त्यांनी वेल्डरला भिंतीशी दाबून धरलं. आवारातल्या दोन माळ्यांनी त्याला दवाखान्याच्या मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. "किती वेळ आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"डावा हात धोक्याचा, पण त्याला सवय उजव्याची. उजव्याची मूठ वळायला दोन आठवडे तरी लागतील. ते मला तेव्हाही ठाऊक होतं." तिने कात्री टेबलावर आपटली. "वेळेवर कापलं असतं तरी हे दोन आठवडे मिळालेच असते. खरेखुरे. एवढ्यात हिला घेऊन निघता आलं असतं."

"मग आता निघू या. माझी आत्या मुलींचं वसतिगृह चालवते, दुसऱ्या गावी. तिला चादरी शिवायला माणूस हवंच आहे."

भुवईला चार टाके घालून घेऊन पाळकसाहेब वेल्डरच्या खोलीत गेले आणि मशीन पाठीवर घेऊन दोन जिने उतरले. बाईने कपड्यांची पेटी उचलली. बायकोने स्वतः काही उचललं नाही, फक्त कात्री आणि दोऱ्याची रिळं ओच्यात घेतली.

रविवारी पाळकसाहेब कमरेत वाकून ताट फिरवत होते. बाई शेवटच्या बाकावर होती. ते तिच्यासमोर थांबले.

"पुढे चला," ती हळूच म्हणाली. "अर्धीच माफी मागितलीय मी."

"ठाऊक आहे, मी दारातच होतो." त्यांनी तुकडा मोडला. "मग अर्धाच घ्या."

वेल्डरची मूठ सतराव्या दिवशी वळली. तेव्हा खोलीत मशीनच्या पायांचे चार खड्डे होते, आणि मुठीसमोर कुणीही नव्हतं.