लाल दोऱ्याचं भात

कमळाकर हा पावणे गावचा पहिला पदवीधर. शेतकी खात्याच्या भात-केंद्रात नोकरीला लागला, तेव्हा गावाला वाटलं, आता हा खुर्चीत बसणार. पण सुट्टी मिळाली की हा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खाडीकाठच्या आपल्या तुकड्यात उतरायचा. बांध फुटून खारं पाणी शिरलं की बाकीचे कपाळाला हात लावायचे. हा मात्र बांधाला खिंड पाडून उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचा. शेजारचा हिरामण बांधावरून विचारी, "काय सायेब, यंदा भात पिकवता का मीठ?"

त्या पाण्यात हजार रोपं जळायची, दहा-वीस तग धरायची. त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. १९५५ पासून असे सात हंगाम गेले. कुठलं रोप किती खार सोसतं, याचा तक्ता केंद्राच्या वार्षिकात त्याच्या नावानं छापून आला. वरिष्ठ म्हणाले, आठव्या वर्षी टिकलं तर या वाणाला नाव देऊ, खाडीकाठी गावोगाव वाटू. त्या भरात कमळाकरनं घरातलं होतं नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं. मूठभरही मागे ठेवलं नाही.

खुणेची अडचण त्यानं आधीच सोडवली होती. कागदी चिठ्ठ्या खाऱ्या वाऱ्यात विरून जात आणि गडी निवडक रोपं सरसकट कापून टाकत. गावात ज्या झाडाला, ज्या बोकडाला लाल दोरा, ते गावदेवीचं. त्याला कुणी बोट लावत नाही. त्यानं खाऱ्या पाण्यात तगलेल्या निवडक रोपांना लाल दोरे बांधले.

"देवीला बोललास काय रं?" आईनं, गोजरानं, विचारलं होतं.

तो नुसता हसला. तिला तेवढं उत्तर पुरलं. लाल दोऱ्याचं देवीचं, बाकीचं सरकारचं, अशी तिनं मनाशी वाटणी करून टाकली. दोऱ्यांनी चोख राखण केली. कापणीला दरवर्षी तो स्वतः ती कणसं काढून पिशवीत घालून नेई. आईला वाटे, वाटेत देवळात वाहत असेल.

१९६२ च्या अश्विनात त्याला निबंध वाचायला पुण्याला बोलावलं. आठ दिवसांचं काम वीस दिवस लांबलं. वाखाणणी ऐकून, पिशवी घेऊन तो थेट शेतावर आला, तर लाल दोऱ्यांच्या जागी नुसते बुडखे.

घरी गोजरा दारातच उभी होती. हातात खिरीची वाटी.

"बरा आलास. दानं गळाय लागलं व्हतं. देवीचं धान मातीत कसं पडू द्यायचं? मीच कापलं, कांडलं, निवेद दाखवला. आळीभर परसाद वाटला."

"समदं?"

"दाना ना दाना. देवीचं मागं ठेवून चालंल काय?"

ती किती दमली होती, ते तिच्या हातांवरच्या फोडांवरून दिसत होतं. कमळाकर उंबऱ्यावर बसला आणि त्यानं ती खीर खाल्ली. वाटी बोटानं पुसून खाल्ली. गोजरानं जपून ठेवलेला एक लाल दोरा त्याच्या मनगटाला बांधला.

अहवालात त्यानं लिहिलं, उधाणाचं पाणी जास्त झाल्यानं बी नष्ट. आजवर एक आकडा खोटा न लिहिलेल्या माणसाचं ते पहिलं खोटं. बांधाकडे दुर्लक्ष केल्याचा शेरा पडला, प्रयोग बंद झाला, त्याला गोदामात पोती मोजायला बसवलं. गोजराला कळलं ते एवढंच, की खाडीनं पोराचं ते सरकारच्या वाटणीचं भात खाल्लं. त्या सालापासून नारळी पौर्णिमेला तिनं खाडीला नारळ दिला नाही.

चार वर्षांनी आषाढात परदेशातून पत्र आलं. तिथल्या एका संशोधकानं आपल्या ग्रंथात कमळाकरचा तक्ता जसाच्या तसा घेतला होता, चार ठिकाणी नाव दिलं होतं. त्याला ओंजळभर बी हवं होतं. कमळाकरनं ते आईला समजावून सांगितलं.

"खाडीकडं माग म्हनावं त्याला," गोजरा म्हणाली.

"आय, ते लाल दोऱ्याचं भात..."

"ते देवीला पावलं." तिनं डोळे पुसले. "तेवढं तरी पावलं रं बाबा."

कमळाकरनं पत्राची घडी घातली. मग टेबलाशी जाऊन त्यानं त्या परक्या माणसाला उत्तर लिहिलं: बी उरलेलं नाही. त्यात पाण्याचा दोष नाही. मी देवीच्या नावावर राखण करवून घेतली आणि घरच्या माणसाला खरं सांगितलं नाही.

नारळी पौर्णिमेला तो एकटाच नारळ घेऊन खाडीवर गेला. हिरामण होडीला रंग देत होता.

"काय सायेब, म्हातारीचा राग गेला वाटतं?"

"नाय," कमळाकर पाण्यात उतरत म्हणाला. "ह्यो नारळ माझा हाय. आयेला सांगू नको."